थंड दाखवणारा काटा

आमच्या उल्हासनगरच्या गॅरेजात किस्से जळक्या ऑइलसारखे साचतात. कुणी टाकत नाही, कुणी नेत नाही. सगळ्यात वाईट एका काट्याचा.

अंबरनाथच्या एका साहेबाची जुनी विलायती गाडी आली. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा होता तिला. आमच्या गोविंद मिस्त्रींनी बघितलं, काटा एकदम थंडावर. माझा जोडीदार बंड्या म्हणाला, "एवढा भरवसा आहे ना काट्यावर? मग उघड्या हातानं रेडिएटरचं झाकण काढा की!"

"काढतो! घाबरतो का काय!"

काढलं. उकळतं पाणी उजव्या हातावर, पार मनगटापर्यंत. मी हसत होतो. मिस्त्री ओरडले तेव्हा थांबलो.

*

बघायला मिस्त्रींच्या घरी गेलो. काकू मिस्त्रींना घास भरवत होत्या. "गरम नाही ना?"

"मला काय विचारतेस? काटा बघ!"

हसलं कुणीच नाही. काकूंनी घास परत ताटात ठेवला.

*

गॅरेजचा शेठ सिंधहून आलेला, एक नंबर तापट. त्यानं कल्याणहून दुसरा मिस्त्री आणला. ह्या नव्या मिस्त्रीनं रेडिएटर धुतला, पट्टा आवळला. "अब देखो, कैसा थंडा!" काटा थंडच होता म्हणा. साहेब गाडी घेऊन गेला, आणि बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या अलीकडे इंजिन जाम! काटा तरी थंडच.

गाडी ओढत परत आणली. शेठ गोविंद मिस्त्रींना म्हणाला, "इंजिन तेरी वजह से गया. हत्यार उठा और जा!"

भाजलेल्या हाताच्या मिस्त्रीला दुसरीकडे कोण ठेवणार?

*

"जातो शेठ. एकदा काटा बघू द्या."

मिस्त्रींनी डाव्या हातानं इंजिनाच्या पाण्यात बुडालेलं काट्याचं पितळी बोंड काढलं आणि चहाच्या किटलीत बुडवलं. चहा खदखदतोय, काटा ढिम्म! (तो चहा नंतर शेठला पाजला, ते वेगळं.)

"काटाच मेलाय."

मग बोंडापासून काट्यापर्यंतची तांब्याची बारीक नळी चाचपत गेले. मध्येच काळी चिकटपट्टी. खाली नळी तोडून, पीळ मारून जोडलेली.

"ह्यात औषध असतं, ते तापलं की काटा चढतो. नळी तोडली की ते उडून जातं. वायर समजून कुणी जोडली ही?"

शेठ ओरडला, "ये भी तेरा ही काम!"

*

"मी," मी म्हणालो. "मिस्त्री, तुम्ही वैतागाल, मजा येईल म्हणून तोडली. मग वायरसारखी जोडली. पैज लागली तेव्हा मला माहीत होतं."



मिस्त्री जवळ आले. बांधलेला हात वर केला, तसाच खाली घेतला.

"हा उघडत नाही. तूच मार."

मारली माझ्याच थोबाडीत.

"अजून," मिस्त्री म्हणाले.