मीठ दुसऱ्या फळीवर

"तू चालवलीस की चालते आणि ठरल्या वेळी आपोआप चालत नाही? यंत्र काय तुझं लाडकं लेकरू आहे?"

दवाखान्याचे साहेब आमच्या बाहेरच्या खोलीत ओरडत होते, मी आत चहा गाळत होते. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दवाखान्यातले संगणक सांभाळायचे. रोज सकाळी सहाला रोग्यांच्या नोंदींची नक्कल निघावी, अशी आज्ञा त्यांनी यंत्राला लिहून दिली होती. तीन दिवस नक्कल निघालीच नव्हती.

"साहेब, हे दोन कागद बघा तरी."

"कागद नकोत. चूक कबूल कर."

मी चहा नेला. साहेबांनी कप नेमका त्या कागदांवर ठेवला.

ते गेल्यावर भाऊजींनी मला समजावलं. मी चौथी शिकलेली, पण स्वयंपाकघर कळतं.

"वहिनी, मी चालवतो तेव्हा आज्ञा माझ्या घरात असते. डबे कुठे, चमचे कुठे, सगळं ठाऊक. वेळापत्रकातून ती यंत्राच्या मालकाच्या नावानं चालते, रूट म्हणतात त्याला. अधिकार सगळे, पण त्या घरात सामान कुठंय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही."

एका कागदावर त्यांच्या घरातल्या वाटा, म्हणजे कुठलं सामान कुठे ते, पानभर. दुसऱ्यावर मालकाच्या, जेमतेम चार ओळी.

"मग नव्या सुनेला सांगतात तसं सांगा की. मीठ दुसऱ्या फळीवर, डावीकडे."

"तेच! पूर्ण पत्ता लिहायचा. एका ओळीचं काम. पण वेळापत्रकात हात घालायला मालकाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, लागते, ती साहेबांकडे. पहिल्यांदा त्यांनीच उघडून दिलं होतं."

साहेबांनी किल्ली काही दिली नाही. म्हणाले, "तुझ्या हातानं चालते ना? मग रोज ये आणि चालव."

अकरा वर्षं. रविवार नाही, आजारपण नाही. लोक त्यांना 'गजर' म्हणायला लागले. माझे यजमान पहाटे गेले, त्या दिवशीही आधी दवाखाना, मग सख्खा भाऊ. ते मी विसरले नाही.

भाऊजींच्या निवृत्तीच्या आठवड्यात त्यांच्या जागी नवा माणूस आला. त्याला साहेबांनी पहिल्याच दिवशी किल्ली दिली. त्यानं पूर्ण पत्ता लिहिला, पाच मिनिटांत.

"याला म्हणतात डोकं!" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, तेही गजराकडे बघून.

शेवटच्या दिवशी भाऊजी नेहमीसारखे सहाला गेले, साडेसहाला आले. चपला जागच्या जागी काढल्या.

"चालली?"

"आपली आपण."

"मग गेलात कशाला?"

त्यांनी खिशातून ते दोन कागद काढले. कपाचा गोल डाग अजून होता.

"साहेबांच्या टेबलावर ठेवायला गेलो होतो. मग म्हटलं, नको. परत कपच ठेवतील."