नारळ जिथं, खांब तिथं

पाणी पिऊन झालं की तो पेला माझ्या उंबऱ्यावर उपडा ठेवायचा. एकदा विचारलं, हे कसलं वळण? म्हणाला, "सरळ ठेवला की अजून मागतोय असं दिसतं, काकी."

लालबागला आमच्या चाळीच्या अंगणात गणपतीचा मंडप तो घालायचा. आधी त्याचा बाप घालायचा. त्याचं नाव सांगत नाही. सांगून आता त्याला काही उपयोग नाही. बाकीच्यांची सांगत नाही, कारण मला इथंच राहायचं आहे.

तुमच्याही चाळीत असा एक असेल. वर्षभर दिसत नाही. श्रावण लागला की खांद्यावर पहार घेऊन फाटकात उभा. माणूस काटकुळा, पण बांबू उचलताना बघावा. माझी खोली तळमजल्यावर, अंगणाला लागून. आला की पहिली हाक मलाच. "काकी, पाणी."

"सरबत पाहिजे का साहेबांना?"

"नको. सरबत दिलात तर काम काढून घ्याल माझ्याकडून."

त्याचं खाणं, बसणं, बोलणं सगळं थोडं. एक वाक्य मात्र दरवर्षी ऐकू यायचं. मंडळाचा अध्यक्ष मुहूर्ताचा नारळ फोडायचा आणि हा तिथंच पहार मारून म्हणायचा, "नारळ जिथं, खांब तिथं." बापाने शिकवलेलं. नारळ फुटल्यावर जागा हलवायची नाही, नाहीतर चाळीला बाधतं. आमच्याकडे सगळे ते मानतात. मीही मानायचे.

खड्डे दरवर्षीचे ठरलेले असत. गणपती गेले की तो त्यात लाकडी गुळगुळीत बुचं मारून वर सिमेंट फिरवायचा, पोरांचे पाय जाऊ नयेत म्हणून. पुढच्या वर्षी पहार आपटत फिरायचा आणि आवाजावरून बुचं शोधायचा. मी म्हणायचे, "खिशात खडू ठेव की." तो म्हणायचा, "मग तुमच्याशी बोलायला वेळ मिळायचा नाही."

गेल्या वर्षी गॅलरी कलली म्हणून मालकाने अंगणात लोखंडी टेकू लावले. ते नेमके जुन्या खड्ड्यांवर आले. मंडप फाटकाकडे सरकवायचं ठरलं. अध्यक्ष वरच्या मजल्यावरचा, बोलायला गोड. त्याने फाटकाजवळ नारळ फोडला. ह्याने पहार घातली. हातभर खणल्यावर ठण्णकन आवाज आला.

मी दारात तांदूळ निवडत होते. तो थांबला, वाकला, हात घालून चाचपडला. "साहेब, खाली लोखंड लागतंय. जरा बाजूला घेऊ?"

अध्यक्ष म्हणाला, "जुना काहीतरी तुकडा असेल रे. नारळ फुटलाय. आता जागा हलवतोस?"

ह्याने पुन्हा विचारलं नाही. दोनदा जोरात मारली आणि खांब उभा केला. नेहमीचं वाक्य त्या दिवशी म्हणाला नाही.

खाली पाण्याचा पाइप होता. मीटरपासून टाकीकडे जाणारा, बिडाचा, मालकाच्या आजोबांनी घातलेला. दुपारी पाणी नसतं, म्हणून काही उडालं नाही. सकाळी पाणी आलं तेव्हा जमीन ओली झाली असणार, पण श्रावणात अंगण ओलंच असतं. बाजूलाच गटार. नळ बंद झाला की फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत जायचं, असं नंतर प्लंबरने सांगितलं. गणपतीभर आम्ही तेच प्यालो, पाहुण्यांना तेच दिलं. तोही रोज तेच प्यायला, माझ्या हातचं.

पितृपक्षात चाळीत कावीळ निघाली. आधी शेजारची पोर, मग तिची आई, मग जिन्याखालचा म्हातारा. म्हातारा वाचला नाही. तेव्हा कुठे खणून बघितलं.

मग जो तो हात झटकू लागला. पालिकेचा माणूस आला, बूटसुद्धा भिजू न देता उभा राहिला. म्हणाला, मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या आत तुमचं. मालकाचा भाडं गोळा करणारा मेहता म्हणाला, खणायला मालकाला कोणी विचारलं होतं? मंडळ म्हणालं, पाइप कुठून जातो ते मालकाने कधी सांगितलं? आणि शेवटी सगळे म्हणाले, खणणाऱ्याने बघायला नको?

दसऱ्यानंतर अंगणात सभा बोलावली आणि त्याला निरोप धाडला. तो गळ्यापर्यंत बटणं लावून आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. अध्यक्षानेच विचारलं.

"तुला आवाज आला होता की नाही?"

"आला."

"मग खणलंस कशाला?"

त्याने अध्यक्षाकडे बघितलं. मग खाली बघितलं. म्हाताऱ्याचा मुलगा टक्कल केलेलं डोकं घेऊन पुढेच बसला होता. त्याला उत्तर हवं होतं.

मी म्हटलं, "त्याने तुलाच विचारलं होतं. तू म्हणालास, जागा हलवू नको. मी इथंच बसले होते."

अध्यक्ष हसला. "काकी, तुम्हाला ऐकू किती येतं ते सगळ्या चाळीला माहीत आहे." चारदोन जण हसले. मला डाव्या कानाने कमी येतं. मी त्या दिवशी उजवीकडून ऐकलं होतं. पण ते कोणाला ऐकायचं होतं?

तो म्हणाला, "राहू दे, काकी. खड्डा माझाच आहे."

सभा मोडली. म्हाताऱ्याचा मुलगा त्याच्याजवळून गेला आणि त्याच्या पायाशी थुंकला. तो मागे सरला नाही.

सगळे गेल्यावर मी त्याला दारात गाठलं. "तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"जमीन मालकाची, पाइप मालकाचा, नारळ त्यांचा. पहार तेवढी माझी, काकी. आणि त्यांचं नाव घेतलं तर पुढच्या वर्षी ह्या गल्लीत मला कोण बोलावणार?"

"म्हातारा तुझ्या नावावर गेला, कळतंय का?"

"कळतंय."

जवळून बघितलं तर त्याचे डोळे हळदीसारखे. म्हटलं, आरशात बघ मेल्या. म्हणाला, "दाढीपुरतं बघतो."

दुसऱ्या दिवशी प्लंबर घेऊन आला. फुटक्या जागी रबर बांधून घेतला, वर माती ओढली. हे तात्पुरतं, म्हणाला, सगळा पाइप बदलायला पाहिजे. मग कोकणात गावी गेला. तिथे कोणी झाडपाल्याने कावीळ उतरवतो. इस्पितळात जा म्हणून मी दोनदा सांगितलं. ऐकलं नाही. दिवाळीनंतर त्याच्या भावाचा फोन आला.

चाळीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सगळ्यांचं कामही भागलं. आता मेहता विचारो की पालिकेचा माणूस, उत्तर एकच. मंडपवाल्याने फोडला. मेलेला माणूस नाही म्हणत नाही. म्हाताऱ्याच्या मुलालाही पुरलं ते. पाइप मात्र कोणाचा हे ठरलं नाही, म्हणून रबर तसाच आहे. मी पाणी उकळून पिते.

यंदा मंडप लोखंडी आला. नटबोल्टचा, खणायचं कामच नाही. तरी अध्यक्षाने नारळ फोडला, फाटकाजवळ, त्याच जागी. जमीन आधीपासून ओली होती. नारळाचं पाणी कुठे गेलं ते दिसलं नाही. मी काही बोलले नाही. माझ्या कानाचं त्याने सांगून ठेवलंच आहे.

दुपारी नव्या मंडपवाल्यांचा एक कामगार दाराशी आला. "अम्मा, पानी मिलेगा?"

"उकळलेलं आहे, पी," म्हटलं. तो घटाघट प्याला, पेला उंबऱ्यावर सरळ ठेवला आणि गेला.

मी तो उपडा केला.