वाढत्या अंगाचं जाकीट

धरणाच्या कडेनं जाणाऱ्या एसटीतून मला ते पहिल्यांदा दिसलं. पाण्यावर एक पांढरं, तिकोनी शीड. आवाज नाही, घाई नाही, नुसतं सरकत होतं. पुढे कितीतरी दिवस मी वर्गात फळ्याकडे वळले की ते डोळ्यांसमोरून जायचं. त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेतल्या बाईंना असलं वेड लागणं बरं दिसत नाही, हे मलाही कळत होतं. तरी मी चौकशी केलीच. धरणावरच नवख्या लोकांना शिडाची होडी चालवायला शिकवणार होते. शिकवणारी मुलगी फोनवर म्हणाली, "पोहता येत नसलं तरी चालेल. लाइफ जॅकेट मात्र स्वतःचं आणा, अंगाला घट्ट बसणारं."

कुरुंद्याच्या घरात आई आणि मी, दोघीच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पाहू." आमच्याकडे ‘पाहू’ म्हणजे ‘नाही’. मग रात्री जेवताना तिनंच विषय काढला. "तुला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडं पाहावं? आधी आपल्या शेततळ्यात तरंगून दाखव. मंग जा खुशाल." तिला घोर लावून शिडाखाली बसण्यात मला काही गोडी नव्हती. मी कबूल झाले.

हिंगोलीत जाळी, दोर आणि ताडपत्र्या विकणारं एक दुकान आहे. धरणावरचे मासेमारी करणारे तिथूनच जाकिटं नेतात, म्हणून आम्ही दोघी तिथं गेलो. दुकानदार चाचांनी दोन काढून ठेवली, एक निळं, एक नारिंगी. निळ्याचे पट्टे आवळले तर ते अंगाला चिकटून बसलं. आईनं नाक मुरडलं.

"काहून एवढं घट्ट घेऊन राहिलीस? जरा वाढत्या अंगाचं घे."

"आई, आता मी आणखी किती वाढू?"

"थंडीत आतून स्वेटर घालशील की."

तिनं मला नारिंगी घालायला लावलं. चाचांनी खांद्याला धरून वर उचललं तर ते थेट कानांपर्यंत आलं. "बाई, ढिलं होतंय हे. पाण्यात तकलीफ होईल," ते म्हणाले.

"दोन धुण्यात आटतंय," आई म्हणाली. लहानपणी माझे सगळे फ्रॉक असेच आले होते, गुडघ्याखाली लोंबणारे, आटायची वाट बघणारे. मला हसू आलं. तिचं मन राखावं म्हणून नारिंगीच घेतलं.

शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर पाय ठरत नाही. म्हणून आईनं लिंबाच्या बुंध्याला गाठी मारलेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या कमरेला. गाठ आवळता आवळता ती बोलत होती.

"माझे भाऊ हट्ट्याच्या विहिरीत पवायला शिकले. कमरेला वाळका भोपळा बांधायचे. मी काठावर बसायचे, त्यांचे कपडे राखत."

"मंग तू काहून न्हाई शिकलीस?"

"कपडे कोणी राखले असते?"

मी पाण्यात उतरले. जाकीट तरंगलं, मी नाही. ते कानांवर चढलं, हनुवटी आत गेली, नाकातोंडात पाणी. क्षणात दोराला हिसका बसला आणि मी काठाला लागले. आई दोर गुंडाळायला लागली. आता संपलं सगळं, शीड गेलं, असं मला वाटलं आणि रडूच आलं.

माझ्या कमरेची गाठ सोडता सोडता ती म्हणाली, "भोपळा ढिला बांधला व्हता बघ." दुसऱ्या दिवशी तीच मला हिंगोलीला घेऊन गेली. भिजलेलं जाकीट चाचा परत घेईनात, म्हणून निळंही घेतलं. या वेळी खांद्याला धरून तिनं स्वतः ते उचलून पाहिलं. जाकीट जागचं हललं नाही.

त्या संध्याकाळी मी तरंगले. पाण्यात कान बुडाले आणि गाव बंद झालं. मोटारी, कुत्री, देवळातला भोंगा, काही नाही. वर आभाळ होतं आणि वाऱ्यावर हळदीच्या पानांचा वास येत होता. आपल्याला वजनच नाही, असं वाटत होतं. मी कुठे चालले होते कोण जाणे, पण चालले होते. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

बाहेर आले तर आईनं पदर खोचलेला होता आणि नारिंगी जाकीट हातात धरलं होतं.

"हे वाया जाईल ना," ती म्हणाली.

तिच्या जाड अंगाला ते असं बसलं, जणू मापानं शिवलं होतं. मी खांद्याला धरून उचललं. हललं नाही. दोर तिच्या कमरेला बांधला आणि गाठी धरत धरत तिला उतरवलं. आधी तिनं डोळे घट्ट मिटले, मग एक उघडला, मग दुसरा. पाय सुटले. पांढरे केस पाण्यावर पसरले. अडुसष्ट वर्षांची माझी आई आभाळाकडे बघत लहान पोरीसारखी हसत होती.

"आता सोड तो दोर," ती म्हणाली.

"व्हय, सोडला," मी म्हणाले.

तिला काठ दिसत नव्हता. मी दोर हाताला आणखी एक वेढा देऊन धरला.