जाऊ बसून आली ते नाटकघर

धाकटी जाऊ लेकाकडं अमेरिकेला जाऊन आली आणि सोनई गावात आमच्या ओसरीवर बसून मोबाईलमध्ये तिथलं एक फार जुनं नाटकघर दाखवायला लागली. लाकडी बाकं, छोटासा रंगमंच, आणि पुढच्याच बाकावर ही बसलेली! माझ्या तर पोटातच दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू? नाटकाचं वेड माझं. सासूबाईंना नाटक चालत नसे, म्हणून 'कीर्तनाला जाते' असं सांगून मी जत्रेतलं नाटक बघायची. सोबत म्हणून हिला न्यायची, तर ही पहिल्याच अंकात पोत्यावर आडवी व्हायची.

"काय माहिती सांगितली गं तिथं?" मी विचारलं.

"अहो अक्का, पूर्वी तिकडंही नाटकाला बंदी होती म्हणे. मग नीतीवरचं व्याख्यान आहे असं सांगून नाटक करायचे."

म्हणजे थेट माझ्यासारखंच की! ते ऐकून तर मी आणखीच जळले.

"बरं, मग पुढं?"

"पुढचं कुणाला ठाऊक? आत छान गार होतं, माझा डोळा लागला."

एवढं विमानानं जाऊन झोपली ही बया!

"पुढच्या खेपेला तू इथंच झोप," मी म्हटलं. "लेकाला सांग, मोठी आई येतीय."