सौंसरची राजकन्या जागी होते

पांढुर्ण्याला गाडीतून उतरले, तेव्हा मी राजवाडा बघायला निघाले होते. माझी मैत्रीण सुनंदा सौंसरच्या शाळेत शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन ती झोपलेल्या राजकन्येच्या परीकथेवर सिनेमा काढत होती. "ये चित्रीकरणाला," म्हणाली आणि मी निघालेच. स्टेशनबाहेर तर्रीपोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. सौंसरची बस सुटली तरी नाक गळत होतं. तिखट खाण्याचा माझा सगळा तोरा तिथेच उतरला.

वाटेत फुटलेला कापूस, मग संत्र्यांचे बगीचे. राजवाडा म्हणजे असाच एक बगीचा निघाला. झाडाखाली बाजेवर राजकन्या, म्हणजे नववीतली पूर्वा, डोळे मिटून पडली होती. बगीचा तिच्याच वडिलांचा, नामदेवरावांचा. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता आणि नामदेवराव तोंड फुगवून उभे होते. राजपुत्र राजकन्येला कसा उठवतो, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"माह्या पोट्टीच्या (मुलीच्या) तोंडाजवळ कोनी तोंड नेनार नाई. नाई तं सिनेमा बंद करा, मॅडम."

सुनंदाने फूल वाहायचं सुचवलं. फुलानं कोण उठतं, असं मुलांनी विचारलं. पूर्वा पडल्या पडल्याच रडकुंडीला आली. महिनाभर तिने संवाद घोकले होते आणि ते सगळेच्या सगळे जाग आल्यानंतरचे होते. मला तिची फार दया आली.

तेवढ्यात संत्री तोडणाऱ्या तिच्या आईने विचारलं, की दुपारी बाप झाडाखाली घोरू लागला की ही पोट्टी त्याला कशी उठवते? नामदेवराव खाली बघून हसले. मग त्यांनी स्वतःच एक संत्रं सोलून साल राजपुत्र झालेल्या वर्गातल्या मुलाच्या हातात दिली.

राजपुत्राने हात लांब करून साल पिळली. फवारा नेमका डोळ्यांत! राजकन्या ताडकन उठली आणि संवादबिंवाद विसरून तिने ती साल हिसकावून त्याच्याच अंगावर फेकली.

"असं उठवते का कोनी?"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. राजपुत्र कानापर्यंत लाल झाला. सुनंदाने कॅमेरा मात्र चालूच ठेवला.

"हे चालते," नामदेवराव म्हणाले. "पन लग्न नोका लावू. आधी दहावी होऊ द्या तिची."

नागपूरच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. लहानपणी ऐकलेल्या राजकन्या डोळे उघडले की थेट बोहल्यावर चढायच्या. ही पहिलीच, उठल्या उठल्या भांडणारी. सुनंदाने सिनेमाचा शेवट तसाच ठेवलाय: आधी ते भांडण, मग राजपुत्र निमूटपणे साली गोळा करतोय आणि डोळे पुसत राजकन्या बोलतेय, महिनाभर घोकलेलं सगळं, एक शब्दही न गाळता.