खालच्या वहिनींचा गजरा

जवळ ये गं जरा. हिंजवडीत बसलीयेस म्हणून वाचलीस, नाहीतर कानच धरला असता. ट्रेचा फोटो पाठवतेस, त्यात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे, आणि वर लिहितेस, "मावशी, रेझिनच खराब निघालं." रेझिन कसलं खराब? हात खराब. माझाही होता, म्हणून सांगतेय.

मी हे मोबाइलवर बघून बघून शिकले. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. सांगितलेल्या मापाने मिसळायचं, साच्यात ओतायचं, की दिवसभरात काचेसारखं घट्ट होतं. चार-पाच किचेन काय जमल्या, मी वारज्याच्या आमच्या सोसायटीत मिरवायला लागले. ते ऐकून खालच्या मजल्यावरच्या वहिनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत सुकून तपकिरी झालेला मोगऱ्याचा गजरा. त्यांच्या यजमानांनी आणलेला शेवटचा.

"हात लावला की पाकळी पडते हो. काचेत बसवता येईल?"

मी हो म्हणून बसले. गजरा एकच, आणि एकदा रेझिनमध्ये गेला की परत काढता येत नाही, हे त्या गेल्यावर लक्षात आलं.

तरी देवाने बुद्धी दिली म्हणून आधी नुसता तळाचा थर ओतला. अगं, फेसच फेस! आमचे हे चष्मा वर करून बघत म्हणाले, "दहीवडे कधी होणार?"

चिडले, पण नेम बरोबर बसला होता. चाळीस वर्षं उडदाचं पीठ फेसलेला हात माझा, कालवायला काही मिळालं की हवा भरायलाच धावतो. वड्याला ते हवं असतं, इथे तेच नको. तो थर टाकून दिला.

दुसऱ्यांदा रेझिनची बाटली, झाकण घट्ट लावून, दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवली. थंड रेझिन मधासारखं दाट असतं, बुडबुडा वर यायलाच मागत नाही. बाटली कोरडी पुसून घ्यायची, पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. हार्डनर घालून आइस्क्रीमच्या काडीने हळूहळू ढवळलं, कडा नि तळ खरवडत, काडी वर न उचलता. पिठलं गाठी होऊ न देता हलवतो ना, तसं. फक्त घाई नको. मग थोडं थांबून बारीक धारेने ओतलं. वर आलेल्या बुडबुड्यांवरून लायटरची ज्योत झरकन फिरवली, एका जागी थांबवली नाही. पटापट फुटले. तळ कसा स्वच्छ!

पण खरी मेख मोगऱ्यातच. सुकलेल्या कळीच्या पोटात हवा असते. डब्यात गळून पडलेली एक कळी आधी बुडवून बघितली, तर तिच्यातून तासभर मोत्यांची माळ निघत होती. म्हणून गजऱ्याच्या प्रत्येक फुलाला ब्रशने रेझिनचा पातळ हात दिला आणि तो सुकू दिला. मग गजरा तळावर ठेवून पातळ थर, तो धरला की दुसरा, मग तिसरा. फुलांजवळ ज्योत नेली नाही, जळाली असती. जे बुडबुडे अडकले ते टूथपिकने काढले. धूळ बसू नये म्हणून वर पातेलं पालथं. तीन दिवस स्वयंपाकघरात कोणी मोठ्याने शिंकलं तरी मी ओरडत होते.

साच्यातून काढला तर गजरा अख्खा, एकही पाकळी पडलेली नाही. फक्त शेवटच्या फुलाखाली मोहरीएवढा एक बुडबुडा. खाली घेऊन गेले आणि आधीच सांगून टाकलं, "वहिनी, एक राहिला हो माझ्याकडून."

त्यांनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "यांनी आणलेल्या प्रत्येक गजऱ्यात एक तरी फूल किडकं असायचं. गजरेवाली गोड बोलली की हे न बघता घ्यायचे. त्या मानाने तुमचा बुडबुडा बरा." आणि पदराने काच पुसत बसल्या.

आता तो त्यांच्या टीव्हीशेजारी असतो. फोटोत नीट दिसत नाही, म्हणून पाठवत नाही. या रविवारी लवकर निघून ये, जेवायलाच ये. जेवलो की खाली जाऊन बघून येऊ. त्यांच्यादेखत मात्र बुडबुडा शोधत बसू नकोस.