चार चाकांची मोटरसायकल

माझ्या मोटरसायकलचं इंजिन मुलीनं काढून नेलं, तेव्हा मी आत वरण-भात जेवत होतो.

मुलगी म्हणजे आमची वैष्णवी, नांदेडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. तिला आणि तिच्या तीन मैत्रिणींना कॉलेजांच्या स्पर्धेसाठी रेसची छोटी गाडी बनवायची होती. एकच सीट, चाकं उघडी, छप्पर नाही. असल्या हलक्या गाडीला मोटरसायकलचंच इंजिन बरं पडतं, असं तिनं मला नीट समजावून सांगितलं. (इंजिन काढून झाल्यावर!) मी रागावणारच होतो. पण दिवाळीच्या सुट्टीत चौघींनी लातुरात आमच्या दाळमिलच्या आवारात गाडी जोडली, चालू केली, आणि वीस वर्षांचा तो ओळखीचा आवाज ऐकून मला भरूनच आलं.

भरात मी म्हणालो, एक चक्कर मीही मारतो. वैष्णवीनं टाळून पाहिलं. स्पर्धा आठ दिवसांवर होती, आणि सीट चौघींतल्या सगळ्यात बारीक मैत्रिणीच्या मापाची. पण बापाला किती वेळा नाही म्हणणार? दोघींनी खांदे दाबून मला आत बसवलं.

"पप्पा, ध्यानात ठेवा. उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर, मधी ब्रेक, डाव्या पायाखाली क्लच. गियर हाताचा. आन् रिव्हर्स न्हाई. मोटरसायकलच्या इंजिनाला कुठं असतो?"

"मला नको शिकवू. वीस वर्सं हेच इंजिन चालवून राहिलो मी."

पहिली चक्कर झकास झाली. दुसरीत समोर तुरीच्या पोत्यांची थप्पी आली. आता, आवाज मोटरसायकलचा म्हटल्यावर पायही मोटरसायकलचाच झाला! सवयीनं मी उजवा पाय जीव खाऊन दाबला. मोटरसायकलला तिथं ब्रेक असतो. इथं काय होतं, ते वैष्णवीनं नुकतंच सांगितलं होतं.

गाडी थप्पीत घुसली. वरचं पोतं फुटलं आणि तूर आधी डोक्यावर, मग मांडीवर, मग पार छातीपर्यंत आली. इंजिन बंद. मागं घ्यावी तर रिव्हर्स नाही, उतरावं तर हलता येईना. हमालांचे मुकादम मारुतीमामा आले, मला सगळीकडून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मालक, नुसती तूर काढायची का तुम्हालाबी?"

शेवटी आठ हमालांनी मला गाडीसकट उचललं. नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन आली. तिनं ती वरात पाहिली, ट्रे खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "अहो, हे काय करून राहिलात?"

गाडीचं नाक चेपलं होतं, पुढचा एक दांडा वाकला होता. वैष्णवी खाली बसून त्या दांड्यावरून हात फिरवत राहिली. चौघींची वर्षभराची मेहनत होती ती. मला मान वर करवेना. मग ती उठली आणि माझ्या कॉलरमधली तूर झटकायला लागली.

"तुम्हाला लागलं तर न्हाई ना, पप्पा? दांडा काय, दुसरा बनवता येतो."

बनवलाही. स्पर्धेत गाडी शेवटपर्यंत पळाली, मधलाच का होईना नंबर आला, आणि घरी फोन करताना चौघी एकदम बोलत होत्या.

परत आल्यावर तिनं मला चाचण्यांची वही दाखवली. माझ्या पानावर लिहिलं होतं: 'इंजिन उत्तम. ब्रेक: वापरले नाहीत. समोरची धडक: गाडी टिकली. सुधारणा: चालक बदलावा.' खाली चालकाच्या सहीची जागा रिकामी होती. मी दोनदा वाचून सही केली. हरकत घ्यावी असं त्यात काही नव्हतंच.